सही करायची, पण कुठल्या कागदावर?

या आठवड्याचं पत्र थोडं काटछाट करून देते.

"ताई, माझं माहेर आणि सासर एकाच गावात, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटच्या रस्त्यावर. नवरा सफारीची जिप्सी चालवतो, मी एका रिसॉर्टच्या लाँड्रीत जाते. सासरी दोन खोल्यांत सात माणसं, म्हणून आम्ही लग्नापासून एका खोलीत भाड्यानं आहो. अडीच हजार भाडं होतं. आता घरमालक सहा म्हणून राहिला, नाही तर दिवाळीआधी खोली रिकामी करा. बाजूच्या दोन खोल्यांना एसी लावून त्या त्यानं टूरिस्टला देणं सुरू केलं. घरकुलाच्या यादीत आमचं नाव आलं, पण जागा नाही म्हणून अडलं. बाबा दोन वर्षांआधी गेले. त्यांचं चार एकर वावर आहे. एक बाजू गावाला लागून, दुसरी डांबरी रोडला. नागपूरचा दलाल एकरी चाळीस लाख देतो, पण चारही एकर एकाच तुकड्यात पाहिजे म्हणतो. दादा मला वीस लाख देतो, पण आधी हक्कसोड कर म्हणतो. मी म्हटलं, घरापुरते दोन गुंठे दे. तर म्हणाला, तुकडा काढला तर सौदा मोडते. वहिनी म्हणाली, ताई, सही केली तर माहेर राहील. करू का सही?"

ताई, नका करू. निदान या कागदावर नका करू.

हक्कसोडपत्र म्हणजे 'या जमिनीत मला काही नको' असं दुय्यम निबंधकासमोर लिहून देणं. वीस लाखांचा उल्लेख त्यात बहुतेक असणारच नाही, ते दादाच्या तोंडीच राहतील. मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत 22 वर्षं शेतीकर्जाची कागदं पाहिली. सातबारावरची बहिणींची नावं फेरफारात एका ओळीत कमी झालेली किती पाहिली, त्याची गणती नाही. त्यातल्या बऱ्याच बाया नंतर शाखेत यायच्या आणि बाकावर बसून विचारायच्या, "बाई, आता काही होते का?" नोंदणी झालेलं हक्कसोड मोडायला फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, आणि सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात उभं राहून ते सिद्ध करायला फारच थोड्या तयार होतात.

विकायचंच ठरलं तर त्याला दुसरा कागद आहे. खरेदीखतावर आई, दादा आणि तुम्ही असे तिघेही विक्रेते म्हणून या, आणि प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम व चेकचा नंबर त्यातच लिहून घ्या. दादाचा हेतू सरळ असेल तर त्याचं यात काहीच बिघडत नाही.

आधी एवढं करा: मोबाइलवर सातबारा उघडून बघा, वारसांच्या फेरफारात आई आणि तुम्ही दोघी आहात का. नसाल तर आजच तलाठ्याकडं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं) वारस नोंदीचा अर्ज द्या. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात, ते झोपेत घालवू नका. हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. आपल्या राज्यानं तर 1994 मध्येच तसा कायदा केला होता. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असो की आजोबांची, तुमच्या घरात हिशेब एकच येतो: आई, दादा, तुम्ही, प्रत्येकी तिसरा हिस्सा.

आता तो हिशेब मांडू. चार एकर म्हणजे 160 गुंठे. एकरी चाळीस लाख म्हणजे गुंठ्याला एक लाख. तुमच्या वाट्याला 53 गुंठे येतात. दादा देतो त्यातल्या वीस गुंठ्यांचे पैसे, आणि ते देताना त्याला वाटतं की आपण बहिणीला भरभरून देतो आहोत.

तरीही दादाला खलनायक करू नका. तुमच्याच पत्रात पुढं लिहिलंय (मी वर छापलं नाही) की गेल्या हंगामात रानडुकरांनी अर्धं धान लोळवलं आणि दादा महिनाभर मचाणावर झोपला. रोजच्या रात्री वावरात काढणाऱ्या माणसाला कोणी एक कोटी साठ लाख म्हटलं तर त्याला झोप लागणार कशी? वाघ बघायला येणारे लोक रविवारी संध्याकाळी नागपूरला परत जातात, डुकरं दादाच्या वाट्याला राहतात. विकावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही दलालाला चहा पाजला असता.

पण हा भाव आला कुठून, तेही बघा. नागपूर-जबलपूर रस्ता चौपदरी झाला, जंगलातून जाणाऱ्या भागात जनावरांसाठी खालून वाटा सोडून वर पूल बांधले, त्यातला आपल्या राज्यातला सर्वांत लांब 750 मीटरचा. वाघांचं भलं झालं, आणि नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकातून निघालेली गाडी चहा निवायच्या आत मानसरला पोचायला लागली. मग 2024 च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडं खाली केली, कारण आता वाघासोबत अंधारही बघायला लोक येतात. ज्या अंधारात तुमच्या आजीला विंचवाची भीती वाटायची, त्याच अंधाराचे तुमचा घरमालक एका रात्रीचे दोन हजार घेत असेल. म्हणजे खोलीचं भाडं आणि वावराचा भाव, दोन्ही एकाच कारणानं चढले. दादा त्या लाटेच्या वरच्या टोकावर आहे, तुम्ही खालच्या. तुमच्या नवऱ्याशिवाय जिप्सी हलत नाही, तुमच्याशिवाय चादरी धुतल्या जात नाहीत, आणि नेमकं तुम्हालाच त्या गावात छप्पर परवडत नाही.

आता एक कबुली देते, नाही तर हे सगळं वरून सांगितल्यासारखं होईल. ही लाट आणणाऱ्यांत आमचंही घर आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी जंगलाच्या बाजूला 'फार्म प्लॉट' घेतला. पाच हजार चौरस फूट, पेपरात पानभर जाहिरात होती. एका खसऱ्याचे, म्हणजे एका सर्व्हे नंबरचे, अकरा तुकडे पाडून अकरा शहरी लोकांना विकले होते. आजही सातबारावर आम्ही अकरा जण सामाईक आहोत, कोणाचा तुकडा कुठला ते फक्त चुन्याच्या रेघेनं ठरलं होतं आणि ती रेघ पहिल्याच पावसात वाहून गेली. माझी बँकेतली 22 वर्षं या एका कागदासमोर फुकट गेली, कारण सही करताना मी तो वाचलाच नाही. घरचं म्हणून. आम्ही तिथं वर्षातून तीनदा जातो. फाटकाचं कुलूप एक जण उघडतो, टिनाच्या शेडमध्ये बायकोसह राहतो. दुसऱ्या वर्षी कळलं की ते वावर त्याच्याच काकाचं होतं. त्याची बायको म्हणाली, "इथं आमची मिरची व्हायची," आणि बोट दाखवलं ते आमच्या वाळलेल्या आंब्याकडं. तो आंबा आम्ही तीनदा लावला.

म्हणून तुम्ही दोन गुंठे मागता तेव्हा मला वाटतं, बाई चुकते आहे. कमी मागून चुकते आहे.

तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा शेतजमिनीचा करता येत नाही, वाटणीतही नाही. आपल्याकडं जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. दादा 'तुकडा होत नाही' म्हणतो ते दोन गुंठ्यांच्या बाबतीत एका अर्थी खरंच आहे. (घरकुल, विहीर, शेतरस्ता यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं लहान तुकडाही होतो, पण तो वेगळा फेरा.) मग मागा 20 गुंठे. गावाला लागून असलेल्या बाजूचे, रोडच्या बाजूचे नकोत. रोडची बाजू दलालाला हवी आहे, ती त्याला राहू द्या. वाटणी रीतसर करा, तहसीलदारांसमोर, महसूल संहितेच्या कलम 85 खाली, आणि मग भूमी अभिलेखाकडून मोजणी करून दगड रोवून घ्या. चुन्यावर विश्वास ठेवू नका, आमच्याकडं बघा.

गावाची बाजू मुद्दाम म्हणते. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असेल तर महसूल संहितेच्या 42-ड कलमाचा उपयोग होतो: अकृषिक (शेतीऐवजी घरासाठी वापरायच्या) परवानगीसाठी वेगळी दारं वाजवायची गरज पडत नाही, शासनाची ठरलेली रक्कम भरली की काम होतं. बांधकामाची परवानगी अर्थात वेगळी लागते. आणि दलाल तुम्हाला घाबरवायला म्हणेल की जंगल लागतं, इथं तुम्हाला घर बांधताच येणार नाही. व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या अधिसूचनांत सहसा उलटंच असतं: हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवं व्यावसायिक हॉटेल किंवा रिसॉर्ट नाही, पण स्थानिक माणसाला स्वतःच्या जमिनीवर राहण्यापुरतं बांधायला मुभा. अडचण तुमच्यापेक्षा त्याला जास्त आहे. एखाद वेळी त्यामुळंच त्याला रिसॉर्टऐवजी आमच्यासारखे अकरा गिऱ्हाईक शोधायचे असतील.

पैशाचं काय? तुमच्या 53 मधून 20 जमिनीत घेतले, उरले 33, म्हणजे 33 लाख. माझं मत विचाराल तर दादाला म्हणा: वीस गुंठे आणि तू म्हणतोस तेच वीस लाख. वरचे तेरा आईच्या नावानं बँकेत ठेव, तिच्या औषधपाण्याला, तिच्या खात्यात. कायद्यानं तुमचे आहेत, सोडायचे की नाही हे तुम्ही ठरवा. पण भावानं मोठ्या मनानं काढलेला आकडा जसाच्या तसा ठेवून जमीन मागितली तर बोलणं तुटत नाही, असा माझा अनुभव आहे. हक्कावर बोट ठेवून तेहतीस मागाल तर तेही चूक नाही, मग वहिनीच्या वाक्याची किंमत धरून चाला.

सौदा मोडेल? मोडू शकतो. साडेतीन एकर रोडला लागून मिळत असताना अर्ध्या एकरासाठी उठून जाणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिला नाही, पण दलाल तसं म्हणतोच, ते त्याचं काम आहे. चार दिवस फोन करणार नाही, मग करेल.

आणखी एक वाट दादासमोर ठेवा, जरी त्याला ती आवडणार नाही. सगळं विकण्याऐवजी रोडकडचा एखादा एकर दहा-पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं द्यायचा, दरवर्षी ठरलेली वाढ, मुदत संपली की जमीन परत. दादाला आज एकरकमी पैसा हवा आहे हे मला दिसतं, म्हणून सगळ्याच जमिनीचं असं करा म्हणत नाही. पण तुमचे वीस गुंठे सोडून अडीच एकर विकले आणि एक एकर पट्ट्यावर ठेवला तर दहा वर्षांनी त्याचा मुलगा फाटक उघडायला शेडमध्ये राहणार नाही.

दलालाच्या कागदाचं बघू. खरेदीखतात नाव कोणाचं येणार? शेतकरी नसलेल्याला आपल्याकडं शेतजमीन थेट घेता येत नाही. दलाल म्हणाला 'एनए (अकृषिक) आम्ही करून घेऊ' तर विचारा, कोणाच्या नावावर असताना? विकण्याआधी तुमच्या नावावरच अकृषिक केली तर ती शेतजमीन राहत नाही आणि भांडवली नफ्यावर कर तुमच्या गळ्यात येतो. शहराच्या हद्दीपासून दूरची, शेतीतली जमीन शेती म्हणूनच विकली तर तो कर लागत नाही. इसार रोख देतो म्हणेल, पिशवी दाखवेल. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला होतो. इसार चेकनंच घ्या, आणि इसारपत्रात मुदत लिहा, नाही तर पाच लाख देऊन तो दोन वर्षं जमीन अडकवून ठेवतो आणि तोवर स्वतः गिऱ्हाईक शोधत फिरतो. सातबारा भोगवटादार वर्ग एक आहे की दोन (दोन म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), तेही पाहा. तुमच्या बाजूला गोंड शेजारी असतील तर त्यांनाही सांगून ठेवा: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि शासनाच्या मंजुरीवाचून जात नाही, कलम 36-अ, मग दलाल नव्याण्णव वर्षांच्या करारनाम्याचं काहीही सांगो. आणि मी वकील नाही. कुठल्याही सहीआधी रामटेकला एखाद्या दिवाणी वकिलाला सगळे कागद दाखवा. दादाचा वकील नको, तुमचा.

घरकुलाचं. जागा नसलेल्या लाभार्थ्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, 500 चौरस फुटांपर्यंत, एक लाखापर्यंत. तुमच्या गावठाणात आज त्या पैशात कोण देईल ते तुम्हीच सांगा. घरकुलाचं मूळ अनुदान 1,20,000, त्यात आजकाल स्लॅबही पुरता पडत नाही. वाटणी होऊन जागा नावावर आली की तुमचं घरकुल सुटेल हे खरं. पण वीस लाख हातात आले तर ते घरकुल यादीतल्या पुढच्या माणसाला जाऊ द्या. सोडायचाच एखादा हक्क तर तो सोडा. तुमच्या खालच्या नंबरवरही कोणीतरी दोन खोल्यांत सात माणसांत राहत असेल.

वाटणी, मोजणी, अकृषिक, बांधकाम, हे दिवाळीपर्यंत होणार नाही, पुढचा पावसाळा धरा. तोवर खोली सांभाळायची आहे. घरमालकाशी भाड्याचं बोलाल ते आत्ता बोला, दसऱ्याला नको. जुलै ते सप्टेंबर जंगलाच्या कोअर भागाची गेटं बंद असतात, तुमचे यजमान घरी बसलेले आहेत आणि त्याच्या एसीच्या खोल्याही बहुतेक रिकाम्याच आहेत. त्याला कागदावर बारा महिन्यांचा हिशेब मांडून दाखवा. टूरिस्टची खोली शनिवार-रविवारी भरते, बाकी दिवस विजेचं बिल आणि झाडूवाली. तुम्ही बाराही महिने देता. साडेतीन हजारावर, अकरा महिन्यांच्या लेखी करारावर या. सहा म्हणणारा चारवर येतो, ऐन पावसात तर येतोच.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत एक विषय द्या, एकट्या नको, लाँड्रीतल्या आणि किचनमधल्या चार जणी मिळून द्या: नवीन रिसॉर्टला ग्रामपंचायतीनं ना-हरकत देताना कामगारांच्या राहण्याच्या खोल्यांची अट घालावी, आणि गावठाण विस्तारात आधी गावातल्या बिनघरवाल्यांना जागा द्यावी. ठरावानं लगेच काही होत नाही. पण इतिवृत्तात ते लेखी राहतं, आणि पुढचा रिसॉर्टवाला सही घ्यायला येतो तेव्हा सरपंचाला ते पान आठवतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की सगळं सोडून वीस लाख घेऊन नागपूरला यावं का. नवऱ्याला सकाळच्या सफारीला पहाटे पाचला गेटवर उभं राहायचं असतं, इथून सत्तरएक किलोमीटर. बेसा-बेलतरोडीकडं एखाद्या रविवारी फ्लॅट बघून या, वीस लाख कुठवर पुरतात ते स्वतःच कळेल. मग ठरवा.

राहिली वहिनी. 'सही केली तर माहेर राहील' हे ती मनानं बोलली असेल असं मला वाटत नाही, तिला ते बोलायला लावलं असणार. पोळ्याला जाल तेव्हा दादाशी बोलण्याआधी तिला धुऱ्यावर घेऊन जा आणि गावाकडची ती वीस गुंठ्यांची जागा पायांनी चालून दाखवा. तिला विचारा, तिच्या माहेरी तिचं नाव सातबारावर आहे की कमी झालं. मग दादाला कोणी सांगायचं ते तिलाच ठरवू द्या.